मंद आचेची परीक्षा

प्रवासात बरोबर न्यायचा स्टोव्ह कसा आहे हे दुकानात कळत नाही, कारण दुकानात वारा नसतो. तिथे घडीचे पाय उलगडतात, चावी फिरते, निळी ज्योत उभी राहते आणि दुकानदार वजन सांगतो. सगळेच उजवे वाटतात. खरी पारख करायची तर पालघरहून सातपाटीच्या रस्त्याला लागावं आणि शिरगावला उतरावं. 1739 साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी हा किनारा पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा केळवे, माहीम, तारापूर यांच्याबरोबर शिरगावचा किल्लाही हाती आला. तो अजून समुद्राशी उभा आहे. जवळच सुरूचं बन, मग वाळू, मग पाणी. हिवाळ्यात दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. त्या वाऱ्यात दोन माणसांचा भात नीट शिजवून देणारा स्टोव्ह मी चांगला मानतो, मग त्याचं वजन काही का असेना.

हे मुद्दाम सांगतो, कारण सध्या सगळी चर्चा वजनाची चालते. बाजारात 25 ग्रॅमचा टायटॅनियमचा स्टोव्ह मिळतो. तळहातावर ठेवला तर आहे की नाही कळत नाही. कारागिरी म्हणून तो मला मनापासून आवडतो: तीन पाय, एक नळी, एक चावी, फालतू काहीच नाही. पण तो ज्यांच्यासाठी घडवला आहे त्यांचं जेवण म्हणजे पाकिटातला सुकवलेला पदार्थ. त्यात उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, खायचं. त्या स्टोव्हला एकच काम येतं, भरधाव पाणी उकळणं, आणि ते तो छान करतो. आपलं जेवण तिथे संपत नाही, तिथे सुरू होतं. आधण आल्यावर तांदूळ वैरायचे, पाणी आटत आलं की आच उतरवायची, झाकण ठेवून वाफ जिरू द्यायची. पिठलं तर सगळंच मंद आचेवरचं. दुधाचा चहासुद्धा वर येतो तेव्हा ज्योत हातात असावी लागते. म्हणून स्टोव्ह हाती घेतला की तो किती मोठा पेटतो हे मी आधी बघत नाही, किती लहान पेटून टिकतो हे बघतो.

या बाबतीत जुना पितळी पंपाचा स्टोव्ह अजून मानाचा आहे. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं 1892 साली ‘प्रायमस’ काढला. त्यातली युक्ती आजही वाखाणावी अशी आहे. रॉकेल द्रवरूपात जळत नाही. तापलेल्या बर्नरच्या नळ्यांतून जाताना त्याची वाफ होते, ती सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते, हवा ओढून घेते आणि काजळी न धरता निळी जळते. ॲमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तो हा स्टोव्ह घेऊन, आणि 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतही बर्फ वितळवायला प्रायमसच होता. तेच यंत्र मुंबईच्या चाळीत दोन पिढ्यांचा स्वयंपाक करत होतं. आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, भोक तुंबलं की पिन घालायची. आच कमी करायला वेगळी चावी नव्हती. टाकीची हवा किंचित सोडायची आणि लगेच बंद करायची. किती सोडायची हे आवाजावरून कळायचं. घुरघुर खाली येत येत एका ठिकाणी स्थिर झाली की भात झाकायला हरकत नाही. ज्या घरात असा स्टोव्ह होता तिथे कान हे स्वयंपाकाचं साधन होतं. आता रॉकेल मिळणं अवघड झालं आहे आणि पितळेचं वजनही पाठीवर घ्यायचं नाही, म्हणून तो पिशवीत जात नाही. त्याची कसोटी मात्र मी नव्या स्टोव्हला लावतो.

नवा स्टोव्ह म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारा. त्याचे दोन वंश आहेत. एकात बर्नर थेट डब्याच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात बर्नर स्वतःच्या पायांवर जमिनीलगत उभा राहतो आणि डबा रबरी-जाळीच्या नळीनं बाजूला जोडलेला असतो. पहिला हलका, साधारण 70-80 ग्रॅमचा. दुसरा त्याच्या दुप्पट किंवा जास्त; ‘कोव्हिया स्पायडर’ 168 ग्रॅमचा आहे. कागदावर पहिला जिंकतो. शिरगावच्या वाळूवर दुसरा जिंकतो, आणि का ते तिथे बसल्यावरच उमगतं. डब्याच्या डोक्यावर बर्नर, त्यावर भरला टोप, म्हणजे सगळा भार वीतभर उंचीवर आणि खाली पाया मात्र चार बोटांचा. वाळू एका बाजूनं दबली की भातासकट सगळं आडवं. नळीचा स्टोव्ह बुटका, पाय फाकलेले. खाली एक स्टीलची थाळी ठेवली की हलत नाही. थाळी ठेवावीच, कारण वाळूचा एक कण चावीच्या आट्यांत गेला तरी ती खरखरायला लागते.

त्याहून मोठं कारण वाऱ्याचं. वाऱ्यात ज्योत टोपाच्या बुडाला लागतच नाही, बाजूनं निसटते. म्हणून पत्र्याचा घडीचा आडोसा लागतो. डब्यावरच्या स्टोव्हला चारी बाजूंनी आडोसा केला तर आतली ऊब डब्यालाच लागते, आणि डबा तापणं जिवावर बेतू शकतं. नळीच्या स्टोव्हमध्ये डबा आडोशाबाहेर गार राहतो. बर्नरला पूर्ण वेढा घालता येतो. नव्वदेक ग्रॅम जास्त देऊन ही निर्धास्ती मिळते, आणि मी ती आनंदानं घेतो. तंबू लावून आत स्वयंपाक करायचा मोह मात्र कुणालाही होऊ नये. आग लागण्याइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, आणि त्याला वास नसतो.

ज्योत वाचायची एक सोपी रीत आहे. टोपात बोटभर पाणी घ्यायचं, स्टोव्ह अर्ध्यावर ठेवायचा आणि पहिले बुडबुडे कुठे धरतात ते बघायचं. बर्नरचं तोंड रुपयाच्या नाण्याएवढं असेल तर बुडबुडे मधोमध एका जागी उठतात आणि कडा शांत राहतात. तिथेच भात लागणार. तोंड रुंद असेल, भोकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतील, तर बुडबुडे कड्यासारखे गोल धरतात आणि हळूहळू सगळं बूड जागं होतं. मग चावी उतरवत न्यायची. चांगल्या चावीला पूर्ण ज्योतीपासून बारीक ज्योतीपर्यंत दोन-तीन फेरे लागतात. बोटाला प्रत्येक टप्पा कळतो. वाईट चावी पाव फेऱ्यात सगळं करते: एक तर भडका, नाही तर विझली. माझ्या लेखी सगळा स्टोव्ह या चावीत आहे.

गॅसचं गणित किनाऱ्यावर स्वस्त पडतं. महागड्या डब्यांत आयसोब्युटेन आणि प्रोपेन असतो, कारण साधा ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे 0.5 अंशाला, वाफ व्हायचा थांबतो. हिमालयात ते पैसे वसूल होतात. शिरगावला थंडीतल्या पहाटेही ती वेळ येत नाही, तेव्हा स्प्रेच्या डब्यासारखा उभट, साध्या ब्युटेनचा डबा आणि त्याला जोडणारी जोडणी एवढं पुरतं. लिटरभर पाणी 25 अंशांवरून उकळायला सुमारे 315 किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम ब्युटेन साधारण 45 देतो. हिशेबानं सात ग्रॅम. प्रत्यक्षात आडोसा आणि झाकण असूनही त्याच्या दुपटीच्या जवळ जातं. शिजवणं धरून दोघांना दोन दिवस एक डबा सहज पुरतो. मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवू नये. डब्यावरच 50 अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि उन्हातली गाडी ती गाठते.

आता भांडं. इथे टायटॅनियमची मोहिनी मोठी आहे, आणि मला वाटतं आपल्या स्वयंपाकाशी तिचं जमत नाही. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा जड आहे, घनता 4.5 विरुद्ध 2.7. तरी त्याचं भांडं हलकं होतं, कारण धातू मजबूत असल्यानं पत्रा कागदासारखा पातळ करता येतो. पण उष्णता पसरवण्यात तो मागे: ॲल्युमिनियम त्याच्या दहापट उष्णता वाहून नेतं. पातळ बूड, खाली टोकदार ज्योत, वर घट्ट होत जाणारं पिठलं. पुढचं सांगायला नको. पाणी तापवायला टायटॅनियम उत्तम. शिजवायला हिंडालियमचा जाड बुडाचा टोप. तो तोलून मिळतो, महाग नाही, ठोकरला तर पोचा पडतो आणि काम चालू राहतं. दीड लिटरचा, रुंद, बुटका, कान नसलेला घ्यावा. कानांऐवजी एक हलकी सांडशी. टोपात स्टोव्ह, नळी, काडेपेटी आणि तांदळाची पुरचुंडी बसली पाहिजे. झाकण थोडं खोलगट असावं, उलटं केलं की ताटली होते.

भांड्याची परीक्षा मी सुक्या जवळ्यावर घेतो, आणि त्यासाठी शिरगावएवढी सोय दुसरीकडे नाही, शेजारी मच्छीमारांचं सातपाटी आहे. टोप रिकामा तापवायचा, मूठभर जवळा सगळ्या बुडावर सारखा पसरायचा, आच अगदी बारीक, आणि अर्धा मिनिट हात लावायचा नाही. जवळा रंग बदलून नकाशा काढून देतो. पातळ बुडाच्या भांड्यात मधे तपकिरी चकती उमटते आणि कडेचा जवळा फिकाच राहतो. ढवळेपर्यंत मधला कडू झालेला असतो. जाड हिंडालियमात तो सगळीकडे एकदम वाळका गुलाबी होतो, हलकेच तडतडतो आणि वास उठतो. मग त्यात ठेचलेली लसूण, तिखट, मीठ, चार थेंब तेल. बाजूला वाड्याच्या कोलमचा भात. जिल्ह्यातलाच तांदूळ, बारीक, लवकर शिजणारा, आणि म्हणूनच आच जरा जास्त झाली की लगेच गिजगोळा होणारा. तो मोकळा उतरला तर स्टोव्ह, टोप आणि आडोसा यांचं एकमेकांशी जमलं असं खुशाल समजावं.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे मुंबईहून पालघरला येणारे बहुतेक जण रेल्वेनंच येतात. रेल्वेत गॅसचा डबा, रॉकेल, स्पिरिट यांतलं काहीही नेता येत नाही. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम लहान वाटते म्हणून कुणी हे हलक्यात घेऊ नये. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईजवळ यात्रेकरूंच्या डब्यात लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. विमानातही गॅसचा डबा चालत नाही. तेव्हा गॅस फक्त स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांसाठी.

रेल्वेनं येणाऱ्यासाठी काटक्यांचा घडीचा स्टोव्ह आहे: स्टीलचे चार-पाच पत्रे एकमेकांत खोचायचे, पिशवीत ते पुस्तकासारखे सपाट राहतात. इंधन न्यावं लागत नाही, आणि शिरगावला ते सुरूच्या बनात पडलेलं असतं. सुरूचं लाकूड जळणासाठी जगभर नावाजलेलं आहे. दाट, भरपूर उष्णता देणारं, ओलसर असलं तरी पेट घेणारं. सुक्या सुया पेट घ्यायला, बोटाएवढ्या काटक्या आधणाला, आणि बारकी काटेरी फळं शेवटी, कारण त्यांचा निखारा बराच वेळ धुमसत राहतो आणि भाताला हवी तशी आच देतो. इथे चावी नाही. आच घालायची ती काटकी पुढेमागे सरकवून. पंपाच्या स्टोव्हवर वाढलेल्या माणसाला हे चटकन जमतं.

फक्त पडलेल्या काटक्या घ्याव्यात, झाड तोडू नये. बनात पेटवू नये, तिथे सुयांचा थर वीतभर असतो. किल्ल्याच्या भिंतीचा आडोसाही घेऊ नये. दगडावरचा धूर पुसला जात नाही. भरतीच्या रेषेखाली ओल्या वाळूवर बसावं, आणि उठताना निखाऱ्यांवर पाणी ओतावं, वाळू नव्हे. वाळूखाली निखारा बराच वेळ जिवंत राहतो, आणि सकाळी त्यावरून अनवाणी पोरं धावतात.

टोपाचं बूड काळं होतं. ते घासत बसू नये. काळं बूड उष्णता चांगली शोषतं. जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून टोप तिच्यात ठेवला की बाकीचं सामान स्वच्छ राहतं.