सर्व ऋतूंतील निवास : निसर्गाधारित हॉटेल-रचना आणि वाशिमचा प्रवासी

निसर्गाधारित वास्तुरचना, म्हणजे झाडे, पाणी, सूर्यप्रकाश आणि मोकळी हवा यांच्याशी राहणाऱ्याचा संबंध तुटू न देणारी रचना, कोरोना महामारीनंतर हॉटेल-व्यवसायात परवलीची झाली असली, तरी तिची वैचारिक बैठक बरीच आधीची आहे. माणसाला सजीव सृष्टीची उपजत ओढ असते, असे एडवर्ड विल्सन यांनी 1984 मध्ये मांडले. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासून, खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, असे दाखवले. हा पुरावा रुग्णशय्येवरचा आहे. दोन रात्रींच्या पाहुण्याला तो सरसकट लावणे जाहिरातीला सोयीचे असले, तरी शास्त्राला धरून नाही.

सिंगापूरच्या पार्करॉयल ऑन पिकरिंगने 2013 मध्ये भूखंडाच्या दुपटीहून अधिक क्षेत्रफळाची हिरवाई उभ्या इमारतीत सामावून दाखवली. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र त्यातली शोभा तेवढी उचलली, आणि स्वागतकक्षात वेलींची भिंत, पण खोल्यांच्या खिडक्या कायमच्या बंद, अशी विसंगती रूढ झाली. विषाणू बंदिस्त हवेतून पसरतो हे कळल्यावर तरी खेळती हवा ही पहिली कसोटी ठरायला हवी होती.

वाशिम जिल्ह्यात ही कसोटी हॉटेलांपेक्षा धर्मशाळांना आणि भक्तनिवासांना लावावी लागते, कारण पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, कारंज्याचे गुरुमंदिर आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ यांमुळे येथील प्रवासी प्रामुख्याने यात्रेकरू आहे. प्रवाशाच्या स्वास्थ्याची चर्चा त्याला क्वचितच मोजते. वास्तविक या भूमीशी निगडित एक जुना दाखला उपलब्ध आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, ही ज्यांची राजधानी त्या वाकाटक शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्षूंच्या निवासासाठी कोरवून घेतले, आणि तेथील शिलालेख खिडक्या, दारे, चित्रवीथी व विपुल पाण्याचे टाके यांचे वर्णन करून हे स्थान सर्व ऋतूंत सुखद असल्याचे सांगतो. दात्याच्या प्रशस्तीतली अतिशयोक्ती वजा केली, तरी निवासाचे मोल ऋतूंवरून ठरवण्याची ती दृष्टी आजच्या तारांकनापेक्षा प्रगल्भ वाटते.

विदर्भातील धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांनी हीच दृष्टी पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, ओसरी आणि चौक यांतून जपली, पण धाब्याची पावसाळ्यापूर्वी दरवर्षी डागडुजी करावी लागते, आणि यात्रेच्या गर्दीला ते झेपणारे नाही. म्हणून जुन्याची नक्कल करण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या, खोल ओसरी आणि पश्चिमेला कडुनिंबाची सावली ही तत्त्वे काँक्रीटच्या इमारतीत आणणे अधिक व्यवहार्य आहे.

निसर्ग म्हणजे हिरवळ, हे समीकरणही येथे तपासावे लागते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचा प्रदेश मुळात गवताळ माळरानाचा असून, पावसाळा सरल्यावर तो पिवळा पडतो. पारा 40 अंशांपुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात पाणी पाजून राखलेले लॉन या निसर्गापासून फारकत घेते, तर माळावरचे गवत, पळस आणि बाभूळ अंगणात राहू देणारे साधे भक्तनिवास कमी खर्चात त्याच्या अधिक जवळ जाते.