कोरणीखालचा चेहरा

दिवाळीची आवराआवर करताना जुन्या फोटोंचा अल्बम हाती लागतो आणि सारे घर कामे टाकून त्याभोवती गोळा होते. ‘आजी खरेच अशी दिसत होती का हो?’ हा प्रश्न तर ठरलेलाच! चारशे वर्षांपूर्वीचा एक ठसा पाहताना मलाही तोच प्रश्न पडला.

व्हान द पासे हे नेदरलंड्समधील चित्रकोरकांचे घराणे. बाप क्रिस्पेन, सिमोन, क्रिस्पेन व विलेम हे मुलगे आणि माग्दालेना ही कन्या. साऱ्यांच्याच हाती कोरणी! मेनोनाइट पंथाचे म्हणून त्यांना १६११ मध्ये कोलोन शहर सोडावे लागले. मग उत्रेख्तला त्यांनी बिऱ्हाड थाटले. राजेराण्यांचे चेहरे तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरायचे, खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाबायचे आणि ते ठसे विकायचे, हा त्यांचा धंदा. पुष्कळदा माणूस समोर नसेच. दुसऱ्याच्या चित्रावरून काम भागे. त्यामुळे मी या मंडळींना निव्वळ कारागीर समजत असे.

या समजुतीला आधारही होता. १६०५ साली लंडनचे पार्लमेंट बंदुकीच्या दारूने उडविण्याचा कट फसला. त्यातील आठ कटवाल्यांचा, बापाच्या नावे ओळखला जाणारा ठसा पाहा. तशाच टोप्या, तशाच टोकदार दाढ्या. नावे झाकली तर कोण कोणता हे सांगता येऊ नये. बाजाराला चेहरे हवे होते, ते पुरविले, इतकेच.

पण १६१६ मध्ये सिमोनने लंडनला कोरलेली पोकाहोन्टस पाहिली आणि मी थबकलो. व्हर्जिनियातील पोहाटन या अधिपतीची ही लेक. बाप्तिस्मा घेऊन रिबेका झालेली, इंग्रज पतीबरोबर विलायतेस आलेली. वय एकवीस, कोरणाराही जवळपास तेवढाच. उंच टोपी, लेसची कॉलर, हाती पिसांचा पंखा, सारा थाट इंग्रजी. व्हर्जिनिया कंपनीला तिचे हे ‘सुधारलेले’ रूप मिरवायचेच होते. परंतु त्या थाटातून आपल्याकडे पाहणारा चेहरा कुणाला खूश करण्यासाठी कोरलेला नाही. गालांची हाडे वर आलेली, ओठ मिटलेले, नजर सरळ. पुढे याच ठशावरून कुणी एक तैलचित्र केले. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. त्यात हाच चेहरा गोरा आणि मऊ होऊन बसला आहे. पोशाख तोच, बाई मात्र निराळी!

१६१७ च्या मार्चमध्ये, मायदेशी परतायला निघालेली असतानाच, ग्रेव्हजेंड येथे ती वारली. ती हयात असताना तिला पाहून काढलेले असे हे एकच चित्र आज आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी सिमोनने घराण्याच्या सवयीने एक ठरीव सुंदर चेहरा कोरून दिला असता, तरी कुणी तक्रार केली नसती. त्याने तो कोरला नाही. त्याला कलावंत म्हणायला मला एवढे पुरे आहे.