घरकुलाची भाषा आणि झुडपी जमीन

‘घरकुल’ हा शब्द मराठीत मायेचा आहे. तो सरकारी योजनेत आला, तेव्हा त्याच्याबरोबर ‘लाभार्थी’, ‘पात्र’, ‘अपात्र’, ‘हप्ता’, ‘अतिक्रमणधारक’ हे शब्दही आले. गेली काही वर्षे मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या नगरपरिषदेच्या गावाच्या निमित्ताने ही शब्दावली वाचत आलो आहे. योजनेची चिकित्सा आपण बहुधा आकड्यांनी करतो: किती मंजूर, किती पूर्ण. मला ती तिच्या भाषेतून करावीशी वाटते, कारण माणूस योजनेच्या आत की बाहेर, हे पैशाच्या आधी शब्दच ठरवतात.

प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचे चार घटक होते: झोपडपट्टीचा जागेवरच पुनर्विकास, कर्जाच्या व्याजावर अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि लाभार्थ्याने स्वतः बांधायचे वैयक्तिक घरकुल. पहिल्या घटकाला जमिनीचा चढा भाव लागतो, दुसऱ्याला बँकेत पत लागते, तिसऱ्याला मोठी जागा आणि विकासक लागतो. मूलसारख्या धानाच्या गिरण्यांच्या आणि मजुरांच्या गावाला खऱ्या अर्थाने उरतो तो चौथा. त्यात केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये. अट अशी, की कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे आणि जागा स्वतःची असावी.

शेवटची अट अर्जात एका ओळीची आहे, पण सगळी योजना तिच्यावरच उभी आहे. शहरात जागेची मालकी सिद्ध होते ती आखीव पत्रिकेने किंवा पट्ट्याने. ज्या वस्त्या सरकारी जमिनीवर हळूहळू वसल्या, तिथे हे दोन्ही नसते. असते ती घरपट्टीची पावती, वीजबिल, नळाची जोडणी, मतदारयादीतले नाव. त्याच चार भिंती कर विभागाच्या वहीत ‘मालमत्ता’ असतात आणि घरकुलाच्या फायलीत ‘अतिक्रमण’. कर भरल्याने मालकी येत नाही, हे कायद्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण पालिका तीस-तीस वर्षे एखाद्या कुटुंबाकडून कर घेत असेल, तर त्या कुटुंबाच्या जागेचा प्रश्न सोडवण्याची काही जबाबदारी त्या वसुलीतून येते की नाही? कागदावर हा प्रश्न विचारायला रकानाच नाही.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत भूमिहीनांना राज्याने जागेचा हक्क देण्याची मुभा आहे, आणि महाराष्ट्राने जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे निर्णयही घेतले. पण पूर्व विदर्भात इथे आणखी एक शब्द आडवा येतो: ‘झुडपी जंगल’. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींत हलक्या जमिनीला, झुडपांच्या चराईच्या माळाला हे नाव पडले. गावाची गुरे तिथे चरत. पुढे तिथेच शाळा, स्मशाने, कार्यालये आणि घरे झाली. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि नोंदीतल्या ‘जंगल’ या शब्दाला वजन आले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६,००० हेक्टर जमीन वादात राहिली.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनींचे वाटप झाले, त्या वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी. त्यानंतरच्या वाटपासाठी छाननी कठोर आहे. उरलेसुरले जंगल वाचवण्याची न्यायालयाची काळजी मी मोलाची मानतो. वाघ आणि माणूस एकाच पायवाटेवर येतात त्या मूल तालुक्यात जंगलाचे मोल कुणाला शिकवावे लागत नाही. पण ‘वाटप’ या शब्दातही कागद गृहीत आहे. ज्याला कुणी काही वाटलेच नाही, जो नुसता राहत आला, तो या सवलतीत कसा बसणार, हे मोजणी, जुन्या नोंदी आणि प्रशासनाची इच्छा यांवर राहील. म्हणून माझ्या मते मूलमधल्या गरिबाच्या घराचा निकाल बांधकाम विभागात लागत नाही, तो भूमी अभिलेखात लागतो.

याच्या उलट उदाहरणेही पाहावीत. जळगाव नगरपालिकेने घरकुले स्वतः ठेकेदाराकडून बांधायला घेतली. ११,००० हून अधिक घरांचा संकल्प दीड हजारांच्या आसपास अडकला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. सोलापूरजवळ कुंभारीत असंघटित कामगारांनी संघटनेच्या बळावर ३०,००० घरांचे रे नगर मागून घेतले. त्यातल्या १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी दिला गेला. पैसा आणि जागा पालिकेच्या हाती एकवटली तर काय होऊ शकते, हे जळगावने दाखवले. मागणारा संघटित असला तर काय होते, हे सोलापूरने. वैयक्तिक घरकुलात यांपैकी काहीच नाही. तिथे एकेकटे कुटुंब एकेकट्या फायलीमागे फिरते.

जागा मिळाली तरी घर उभे राहणे सोपे नसते. हप्ता बांधकामाच्या टप्प्यामागून येतो: आधी जोते, त्याचा फोटो, मग पैसे. म्हणजे पहिले पैसे गरिबानेच घालायचे. ग्रामीण योजनेत रक्कम कमी, पण रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी जोडलेली होती. शहरी योजनेत ती नाही. मूलच्या शेजारची सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा ही गावे २०१५ मध्ये नगरपंचायती झाली. तिथला शेतमजूर रातोरात ‘शहरी गरीब’ झाला. त्याचे काम मात्र धानाच्या बांधीतच राहिले.

आणि घर तरी कोणते? पहिल्या टप्प्यात तीस चौरस मीटरच्या आतले होते, सिमेंटच्या छताचे. जाड मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर ‘कच्च्या’त मोजले जाते. पावसाळ्यात गळणाऱ्या कवेलूचे मी कौतुक करणार नाही. दरवर्षी छप्पर फेरणाऱ्या बाईला पक्के छत हवेच असते. पण मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत चंद्रपूरचे नाव येते, तेव्हा दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्र कशी काढायची, याचे उत्तर आराखड्यात नाही. धान ठेवायला, मोहफूल वाळवायला जागा, पुढची छपरी, मागची सांदवाडी यांचा हिशेब कार्पेट एरियात बसत नाही.

योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला असून पाच वर्षांत एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. त्या लक्ष्याला माझा विरोध नाही. मागणे छोटे आहे. पालिकेने पात्र लाभार्थ्यांच्या यादीबरोबर अपात्रांचीही प्रभागवार संख्या कारणासह जाहीर करावी: किती जागेअभावी, त्यांत किती झुडपीमुळे, किती केवळ कागद न मिळाल्याने. मंजूर घरांचा आकडा योजनेचे यश सांगतो; हा दुसरा आकडा गावाची गरज सांगेल.

चंद्रपूर जिल्ह्याने महाराष्ट्राला मारोतराव कन्नमवार हे मुख्यमंत्री दिले. मुंबईत विक्रोळीला गृहनिर्माण मंडळाची मोठी वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या जिल्ह्यात सरकारी जमिनीवर राहणाऱ्या मजुराला वसाहतीची अपेक्षा नाही. तो जिथे राहतो, ती जागा त्याच्या नावावर व्हावी, इतकेच तो वर्षानुवर्षे मागतो आहे.