एका विशेषणाची कुळकथा

मागच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, आमच्याकडे ‘श्यामची आई’ पाहण्याचा बेत ठरला. बेत अर्थातच आईचा. 1953 साली हे चित्र पडद्यावर आले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आचार्य अत्र्यांच्या या चित्राला पुढच्या साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ही हकीकत ती आजही घरातल्याच कोणाचा पहिला नंबर आल्यासारखी सांगते. फराळाची ताटे मांडीवर घेऊन आम्ही सारे बसलो. श्यामची आंघोळ झाली, ओले पाय मातीत ठेवायला तो तयार होईना, हट्टाला पेटला. आणि त्याच्या आईने आपल्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरले. त्याच क्षणी माझी कॉलेजात जाणारी पुतणी म्हणाली, “किती चीझी आहे हे, काका!”

आईला हल्ली कमी ऐकू येते. पण हे नेमके ऐकू आले. तिने डोळे टिपले आणि मान डोलावली. “हो गं बाई, खरंच चीज झालं हो त्या माउलीच्या जन्माचं!”

सगळे हसले. पुतणी तर चकलीचा तुकडा हातात धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र हसता हसता थांबलो. माझा अर्धा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला आणि उरलेला नाटकांची परीक्षणे लिहिण्यात. त्या एका शब्दाने मला दोन्ही बाजूंनी डिवचले. आईने केला तो घोटाळा खरोखर घोटाळाच होता का, याची मला शंका आली. रात्री सगळे निजल्यावर मी कपाटातले कोश काढून बसलो.

‘चीझी’ म्हणजे तरुण मंडळींच्या बोलण्यात काय, हे वाचकांच्या घरातली मुले सांगतीलच. ढोबळ, गोडगोड, डोळ्यांतून पाणी काढण्यासाठीच बेतलेले, थोडे जुनाट आणि थोडे हास्यास्पद. त्यात द्वेष नसतो. वरून खाली पाहणारे लाडिक हसू असते. आणि हा शब्द चीज नावाच्या खाद्यपदार्थावरून आला, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. अर्धे खरे आहे. या विशेषणाला दोन घराणी आहेत, आणि त्यांतले एक आपल्या ओळखीचे आहे.

पहिले घराणे रोमचे. लॅटिनमधला ‘कासेउस’ हा शब्द जर्मानिक टोळ्यांनी उचलला आणि त्यांच्याबरोबर तो इंग्लंडात गेला. त्याचे विशेषण चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसते, आणि त्याचा अर्थ चीजसारखे, एवढाच. त्यात निंदा नाही, स्तुती नाही.

दुसरे घराणे फारशी. ‘चीज’ म्हणजे वस्तू. भाषाशास्त्राच्या हिशेबाने हा शब्द आपल्या ‘किंचित्’च्या गोत्रातला. फारशीतून तो हिंदुस्तानीत आला, मराठीत आला, आणि कंपनी सरकारच्या साहेबांच्या तोंडीही बसला. 1818 साली लंडनमध्ये एक पुस्तक निघाले. शहरात नव्याने येणाऱ्या परक्यांना भामट्यांपासून सावध करणे हा त्याचा हेतू. त्यात हा शब्द चक्क लंडनच्या रस्त्यावर भेटतो. एखादी गोष्ट ‘द चीज’ आहे म्हणजे अगदी पाहिजे तशी, अस्सल. इकडे पेशवाई बुडाली ते हेच साल. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण कोशाच्या पानावर तो आकडा दिसताच मराठी माणसाचे बोट तिथे क्षणभर थबकणारच.

हा शब्द लंडनला कसा पोचला? त्या काळी एक खुलासा असा होता, की कुणा विनोदी तरुणांनी फ्रेंच ‘शोज’ म्हणजे वस्तू, याचे मुद्दाम वेडेवाकडे इंग्रजी केले. मला हा खुलासा पटत नाही. चहाच्या टेबलावर रचल्यासारखा वाटतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या विख्यात कोशात हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी सांगितलेली वाट अधिक सरळ आहे. यूल बंगालच्या इंजिनिअर पलटणीतले, बर्नेल मद्रास इलाख्यातले न्यायाधीश. कोश 1886 साली बाहेर पडला. बर्नेल त्याआधीच, 1882 साली वारले होते. त्यांचे म्हणणे असे, की हिंदुस्थानातले साहेब लोक आपला नवा अरबी घोडा किंवा मनाजोगता चिरूट दाखवताना तो खरी ‘चीज’ असल्याचे सांगत, आणि तोच शब्द पुढे विलायतेला गेला. निवृत्त होऊन परतलेला कुणी कर्नल, ओठांत चिरूट, आणि कौतुक करायला आपल्या इथल्या भाषेतला शब्द. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे सहज उभे राहते.

आता मौजेचा भाग. 1858 च्या सुमाराला इंग्लंडात या ‘चीज’चे विशेषण ‘चीझी’ असे वावरू लागले, आणि त्याचा अर्थ होता उत्तम, झोकदार, दिमाखदार! आमची आई त्या वर्षी लंडनमध्ये असती, तर तिचे ऐकून कोणी हसले नसते.

मग हा शब्द घसरला कसा? 1896 च्या आसपास अमेरिकेत, बहुधा कॉलेजातल्या मुलांच्या बोलीत, ‘चीझी’ म्हणजे हलके, टाकाऊ असा अर्थ आढळतो. अभ्यासकांपैकी काहींचे मत असे, की जुन्या स्तुतीचाच उपरोधाने केलेला हा उलटा प्रयोग. काही चीजच्या वासाकडे बोट दाखवतात. शिवाय एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर क्षयाच्या गाठीत सापडणाऱ्या पिवळट, भुसभुशीत पदार्थाला हेच विशेषण लावीत. तेही काही भूषणावह नव्हे. मला वाटते, मूळ शब्दाची ओळख पुसली गेली हेच खरे कारण. साहेबाच्या नातवाला फारशी येत नव्हती. त्याने ‘चीझी’ ऐकले आणि त्याला फडताळातला वासाचा गोळा आठवला. परक्या गावात आलेल्या पाहुण्याचे नाव विसरले, की लोक त्याला शेजारच्या माणसाच्या नावाने हाक मारू लागतात, तशी गत.

पण घसरणीचे बी त्याआधीच पडले होते, आणि परीक्षक म्हणून मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. झोकदार म्हणजे चांगले खरे, पण दिसायला चांगले. दिमाखाची स्तुती करणाऱ्या शब्दांच्या नशिबी बहुतेक हेच येते. आपल्या ‘छान’ला काही डाग नाही, पण ‘छानछोकी’ म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. भपका आधी डोळ्यांत भरतो, मग खुपतो. विसाव्या शतकात ‘चीझी’चा रोख वस्तूंवरून भावनांकडे वळला, तेव्हाही हीच तक्रार कायम राहिली. भावना खोटी आहे असे तो शब्द म्हणत नाही. ती मिरवते आहे, एवढेच म्हणतो.

इकडे मराठीत मात्र ‘चीज’ने आपली अब्रू सांभाळली. तिजोरीतली चीजवस्तू आहे. बुवांनी पाच वर्षे सेवा करवून घेऊन मग शिकवलेली ख्यालातली चीज आहे. ती स्त्रीलिंगी, आणि कष्टांचे ‘होते’ ते चीज नपुंसकलिंगी. नुसती वस्तू असलेला शब्द आपण ‘सार्थक’ या अर्थापर्यंत नेऊन बसवला, ही मराठीची करामत मला त्या लंडनी कौतुकापेक्षा थोर वाटते. हल्ली दुकानातल्या डबीवरही तीच अक्षरे छापलेली असतात. पण वाण्याकडे गोंधळ होत नाही आणि मैफलीतही होत नाही.

आता पुतणीच्या आरोपाचे काय? ‘श्यामची आई’ला दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. हे चित्र मनातले सगळे उघडपणे सांगते, काही वेळा दोनदा सांगते. तरी धोंडीच्या प्रसंगाला ‘चीझी’ म्हणणे मला चुकीचे वाटते. कारण तिथे त्या आईला काहीतरी पडते. लुगडे ओले होते, आणि त्या घरात कपाटभर लुगडी नाहीत. फुकटची भावना आणि किंमत मोजलेली भावना, दोन्ही डोळ्यांत पाणीच आणतात; त्यांतला फरक ओळखणे हे परीक्षकाचे काम. हा शब्द ते काम टाळू देतो, हा माझा त्याच्यावरचा आक्षेप.

हा आक्षेप घेण्याचा मला किती अधिकार आहे, हे त्याच रात्री कळले. कोशांच्या मागे माझ्या जुन्या कात्रणांची वही निघाली. पंचवीस वर्षांपूर्वी एका नवख्या लेखकाच्या पहिल्या नाटकाची मी एकाच शब्दात वासलात लावली होती: ‘भाबडे’. आपल्या आज्यांच्या तोंडी हा शब्द मायेचा होता; भोळाभाबडा म्हणत त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवीत. त्याचा चाबूक आम्ही परीक्षकांनी केला. नाटकात बापाने मुलीच्या लग्नासाठी आपली पेटी विकली होती, तिच्यावर रोज वाजवायची ती. त्या प्रसंगाबद्दल माझ्या परीक्षणात एक ओळ नाही. त्या लेखकाने पुन्हा नाटक लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. माझ्या शब्दामुळेच, असे म्हणणे हाही एक गर्वच होईल. पण वही मिटताना हात जड झाला खरा.

सकाळी पुतणीला सगळी कुळकथा सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग काका, खरंच फुकटची भावना असेल तर मराठीत काय म्हणायचं?” मी ‘गुळचट’ म्हणालो, ‘बटबटीत’ म्हणालो, तिला पटले नाही, मलाही फारसे पटले नाही. शब्द शोधणे अजून चालू आहे.

एवढ्यात आई आतून आली. काल रात्री तिचे काही चुकले का, असे तिने विचारले. पुतणी म्हणाली, “नाही गं आजी. तुझंच बरोबर होतं. फक्त 1858 सालचं!” आईला त्यातले काय ऐकू गेले कोण जाणे. “आणखी एक करंजी घे,” म्हणाली.