अवयव आणि अवयवी: गेममधल्या यंत्रमानवांच्या मॉडेल-किटविषयी

मंडळी, प्रतिकृती म्हणजे काय, हा आपल्या व्याख्यानांचा धागा. आज तोच धागा धरून आपण प्लास्टिकच्या यंत्रमानवांकडे येणार आहोत. काही चेहऱ्यांवर हसू दिसतंय, हरकत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांनी खेळण्यांवर बोलू नये असा नियम कोणत्याही दर्शनात सांगितलेला नाही.

आधी हद्द आखून घेऊ. जपानी महाकाय यंत्रमानव म्हटलं की लोकांना गंडाम आठवतो. १९७९ साली दूरचित्रवाणीवर ती मालिका आली, १९८० च्या जुलैत बंदाई कंपनीनं ३०० येनला तिचं पहिलं किट विक्रीस काढलं, आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आपला विषय आहे तो व्हिडिओ गेममध्ये जन्मलेल्या यंत्रांचा. हा फरक वरवरचा नाही. मालिकेतलं यंत्र नायकाचं असतं, आपण ते बघतो. गेममधलं यंत्र आपण चालवलेलं असतं, हरवलेलं असतं, पुन्हा उभं केलेलं असतं. तेव्हा त्याची प्रतिकृती घरात येते, ती नेमकी कशाची प्रतिकृती?

उदाहरण म्हणून ‘आर्मर्ड कोअर’ घेऊ. फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. यंत्रांचं आरेखन ‘मॅक्रॉस’वाल्या शोजी कावामोरींचं. यात लढाईइतकाच वेळ गॅरेजमध्ये जातो, हे लक्षात घ्या. डोकं एक निवडायचं, धड एक, हात वेगळे, पाय वेगळे. पायांतही दोन पायांचे, चार पायांचे, गुडघे उलटे वळणारे, शिवाय रणगाड्यासारखे पट्ट्यांवर चालणारे. पायांना किती वजन पेलवेल, ऊर्जा कुठवर पुरेल, याचा हिशेब बसवायचा. असं जे यंत्र तयार होतं त्याला तुम्ही नाव देता. ते गेम बनवणाऱ्यांनी काढलेलं नसतं, तुम्ही जुळवलेलं असतं.

तोक्योजवळच्या ताचिकावाची कोतोबुकिया कंपनी या यंत्रांची किट काढते, १:७२ या प्रमाणात. आता या आकड्याकडे पाहा. १:७२ हे लढाऊ विमानांच्या मॉडेलचं जुनं, प्रतिष्ठित प्रमाण. स्पिटफायरचं मॉडेल १:७२ आहे म्हणताना आपण खऱ्या विमानाला बहात्तरानं भागतो. इथे भाज्य कुठे आहे? मूळ वस्तू म्हणजे पडद्यावरचे बहुभुज, तेही १९९७ सालच्या यंत्रात मावतील इतके मोजके. प्लेटोच्या उतरंडीत कल्पना वर, सुताराचा पलंग त्याखाली, चित्रकाराचा पलंग तळाशी. इथे उतरंड उलटते. पडद्यावर जिथे चार सपाट पृष्ठं आणि एक धूसर पोत होता, तिथे किटमध्ये पत्र्यांचे जोड, बोल्ट, सांध्यामागचे दट्टे दिसतात. प्रतिकृती मुळापेक्षा अधिक जाणते. काही जण याला बनवाबनवी म्हणतील. आपण म्हणू की हे भाष्य आहे, सूत्रावर भाष्यकार करतो तसं. सूत्र मोघम असतं म्हणूनच भाष्याला जागा असते.

पण भाष्यकार कधी कधी पाल्हाळ लावतो, तसं इथेही होतं. या किटांमध्ये बारीक तुकड्यांचा अतिरेक आहे. नखाएवढ्या भागावर तीन रेघा कोरायच्या, कारण कोरता येतात! पडद्यावर यंत्र धावतं तेव्हा त्याचा एकसंध आकार डोळ्यांत भरतो. इतक्या रेघांत तो आकार हरवतो, हे रसिकतेचं लक्षण नव्हे.

कोतोबुकियानं एक गोष्ट मात्र फार समंजसपणे केली. एका किटचे हात दुसऱ्या किटच्या धडाला बसतात, पाय काढून दुसरे लावता येतात. म्हणजे गॅरेजचा नियमच प्लास्टिकमध्ये आला. आम्ही वर्गात नागसेन आणि राजा मिलिंद यांचा संवाद शिकवत असू. चाक म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. जू? तेही नाही. मग रथ कुठे आहे? नागसेनाचं म्हणणं, ‘रथ’ हा केवळ व्यवहारातला शब्द. नैयायिक ऐकत नाहीत. ते म्हणतात, अवयवांहून निराळा अवयवी असतोच, नाहीतर घड्याची कड धरून उचलली तर अख्खा घडा वर का येतो? आता तुम्ही किट जोडा. यंत्र घोट्याला धरून उचला. सगळं वर आलं तर न्याय जिंकला. हात टेबलावर राहिला तर बौद्ध. (हशा) आणि ही किट डिंकाशिवाय, नुसत्या खाचा-खुंट्यांनी जुळतात, त्यामुळे बौद्ध बऱ्याचदा जिंकतात.

गंमत बाजूला ठेवू, कारण इथेच आपला मुख्य आक्षेप आहे. खोक्यावर नाव कुणाचं असतं? ‘नाइन-बॉल’, ‘व्हाइट ग्लिंट’, म्हणजे गेममधले प्रसिद्ध प्रतिस्पर्धी. बाजाराला नाव लागतं, ते समजतं. पण खेळणाऱ्याचं स्वतःचं यंत्र विकत मिळत नाही. ते हवं असेल तर तीन खोकी घ्यायची, त्यातून एक उभं करायचं आणि उरलेल्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. निवड हा ज्या गेमचा प्राण, त्याच्या प्रतिकृतीत निवड श्रीमंतांची चैन होते. बंदाईनं २०१९ साली ‘थर्टी मिनिट्स मिशन्स’ नावाची अदलाबदलीचीच मालिका काढली आणि पुढे तिच्यात ‘आर्मर्ड कोअर ६’ची यंत्रंही आणली. जोडणी सोपी. हे पाऊल योग्य दिशेचं आहे, असं आपलं मत.

दुसरी कसोटी गुरुत्वाकर्षणाची. पडद्यावर वजन ही कल्पना असते, टेबलावर तसं नाही. कोनामीच्या २००१ सालच्या ‘झोन ऑफ द एंडर्स’मधलं जेहुती पाहा. योजी शिनकावांचं आरेखन, पाय भाल्याच्या टोकासारखे निमुळते. गेममध्ये ते तरंगतं, त्याला जमिनीचं देणंघेणं नाही. प्लास्टिकमध्ये आलं की त्याला मागून आधाराची काठी लागते. काहींना ती काठी खुपते. आम्हाला ती प्रामाणिक वाटते. पायांना जाड बूट घालून ते उभं केलं असतं तर ते जेहुती राहिलं नसतं. सेगाच्या ‘व्हर्च्युअल-ऑन’ची गोष्ट वेगळी. त्याची यंत्रं हाजिमे कातोकींनी काढली आणि त्यांची १:१०० किट केली ती हासेगावा या कंपनीनं, जी शिझुओका प्रांतातल्या याइझूची आणि विमानांच्या मॉडेलसाठी नावाजलेली. विमानं करणाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो. पृष्ठं स्वच्छ, पुष्कळसा तपशील चिकटचित्रांवर सोडलेला. पोरांना हे कदाचित कोरडं वाटेल, पण त्या गेमची झळाळी याच संयमात उतरली आहे.

तयार, रंगवलेल्या, धातूचे सांधे असलेल्या महागड्या मूर्तींबद्दल फार बोलायला नको. त्या सुंदर असतात. पण गॅरेजवाल्या गेमचं यंत्र जोडलेलंच हातात देणं म्हणजे शब्दकोडं सोडवून विकणं.

न जोडलेल्या खोक्यांची मात्र दखल घ्यायला हवी. जपानीत अशा रचून ठेवलेल्या किटांसाठी ‘त्सुमिपुरा’ असा शब्दच आहे. घेतलेलं, पण उघडलेलं नाही. आत चौकटीला चिकटलेले सपाट तुकडे, निपरची वाट पाहत. सांख्यांना विचाराल तर यंत्र तिथे आहेच, तिळात तेल असतं तसं, फक्त व्यक्त व्हायचं आहे. नैयायिक म्हणेल, काही नाही, जोडाल तेव्हा नवीन उत्पन्न होईल. पुनर्विक्री करणारा दलाल मात्र पक्का सांख्य असतो. तो बंद खोक्यातल्या यंत्राचीच जास्त किंमत लावतो! गेमच्या यंत्रांचा ग्राहक थोडा, साचा पोलादी आणि खर्चिक, म्हणून किट थोडी निघतात, संपतात, आणि पुन्हा केव्हा निघतील ते कंपनीच्या मर्जीवर. दलालाचं फावतं ते इथे.

मोठ्या कंपन्या ज्या यंत्राकडे वळत नाहीत त्याचं काय? त्यासाठी जपानात एक विलक्षण सोय आहे. माकुहारीला वर्षातून दोनदा भरणाऱ्या वंडर फेस्टिव्हलमध्ये हौशी कारागीर आपल्या हातानं ओतलेली राळेची किट विकतात, आणि मूळ हक्कदार त्यांना परवानगी देतात ती फक्त त्या एका दिवसापुरती. सकाळी कायदेशीर असलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. मालकी हक्काचा इतका लवचीक विचार फार थोड्या ठिकाणी झाला असेल. मोठ्या कंपन्यांनी तो पुनर्मुद्रणालाही लावून पाहावा, म्हणजे आपल्याला नको असलेला साचा हौशी लोकांना काही काळ उघडा करावा.

आम्ही हे का सुचवतो आहोत? सेगाचा ‘बॉर्डर ब्रेक’ हा आर्केडमध्ये, जाळ्यावर संघ करून खेळायचा गेम, २००९ चा. २०१९ साली त्याची आर्केडमधली सेवा बंद झाली. त्याच्या कूगर यंत्राचं १:३५ किट कोतोबुकियानं काढलं होतं. ‘आर्मर्ड कोअर ५’ आणि ‘व्हर्डिक्ट डे’ यांचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद झाले, आणि त्या गेमचा गाभा होता अनेकांनी मिळून प्रदेश जिंकण्याचा, तो तबकडी घरात असूनही आता खेळता येत नाही. पुस्तक छापणाऱ्याचं दुकान बुडालं तरी कपाटातलं पुस्तक वाचता येतं. इथे तसं नाही. राहिलं ते प्लास्टिक. सुरुवातीला आपण विचारलं, ही कशाची प्रतिकृती? गेम जिवंत होता तोवर उत्तर देता येत होतं. आता मूळ नाही आणि प्रतिकृती आहे, तिचे हात-पाय अजून बदलता येतात, आणि ते कुणी बदलले तर गॅरेजमधलं ते काम तेवढं अजून चालू आहे.

इथे थांबू. सत्कार्यवादावर कुणाला भांडायचं असेल तर चहाच्या आधी भांडून घ्या.