'सिल्व्हिया' : चरित्रपटातील कवी आणि कवितेचे स्थान

प्रस्तावना :

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लॅथ (१९३२-१९६३) यांच्या जीवनावरील 'सिल्व्हिया' हा चरित्रपट २००३ मध्ये प्रदर्शित झाला. क्रिस्टीन जेफ्स दिग्दर्शित या चित्रपटात ग्वेनेथ पॅल्ट्रो यांनी प्लॅथची, तर डॅनियल क्रेग यांनी तिचे पती, कवी टेड ह्यूज यांची भूमिका केली आहे. कवीचे जीवन पडद्यावर आणताना त्याच्या कवितेला कोणते स्थान मिळते, या दृष्टीने प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा विचार केला आहे.

आशय आणि मर्यादा :

१९५६ मधील केंब्रिजची भेट, त्याच वर्षी झालेला विवाह, संशय, विभक्तता आणि ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनमध्ये झालेली आत्महत्या असा कथानकाचा प्रवास आहे. ह्यूज यांना खलनायक न ठरविण्याचा संयम दिग्दर्शिकेने पाळला आहे. पॅल्ट्रो यांचा अभिनयही प्रभावी आहे. तथापि, या कथानकातील नायिका कवयित्री नसती, तरी त्यात फारसा फरक पडला नसता, ही या चित्रपटाची मूलभूत उणीव होय.

प्लॅथची कन्या फ्रीडा ह्यूज यांनी चित्रपटास विरोध केला व कवितांच्या वापरास अनुमती नाकारली. त्यामुळे चित्रपटात कवितेचे त्रोटक अंशच ऐकू येतात. या अडचणीची दखल घेणे न्याय्य ठरेल. परंतु तेवढ्याने उणिवेचे समर्थन होत नाही. एकही ओळ उद्धृत न करता कवितेचे श्रम दाखविता येतात. १९६२ च्या ऑक्टोबर महिन्यात प्लॅथने सुमारे पंचवीस कविता लिहिल्या. मुले जागी होण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी ती लिहीत असे. त्यांपैकी अनेक कवितांचे खर्डे स्मिथ कॉलेजच्या गुलाबी कागदांवर, 'द बेल जार' या कादंबरीच्या हस्तलिखिताच्या पाठीमागे आहेत. वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर नवी कविता उमटणे, ही मुळातच दृश्य स्वरूपाची सामग्री आहे. चित्रपट मात्र या कालखंडाला धावता स्पर्श करून पुन्हा दांपत्यकलहाकडे वळतो.

परिणामी प्रत्येक प्रसंग मृत्यूची पूर्वसूचना ठरतो आणि कविता आजाराचे लक्षण बनते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. प्लॅथने 'एरियल' या संग्रहाची स्वतः लावलेली मांडणी मधमाश्यांवरील कवितांनी, वसंताच्या सूचनेने संपत होती. १९६५ मध्ये ह्यूज यांनी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत हा क्रम बदलला, काही कविता गळाल्या व अखेरच्या दिवसांतील कवितांची भर पडली. मूळ मांडणी २००४ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर एका वर्षाने, ग्रंथरूपात उपलब्ध झाली. ती वाचली असता हा संग्रह मृत्यूकडे नव्हे, तर मृत्यूतून बाहेर पडण्याकडे झेपावत होता, असे म्हणण्यास आधार मिळतो.

निष्कर्ष :

'सिल्व्हिया' हा दांपत्यजीवनाचा संवेदनशील चित्रपट आहे. परंतु कवीचा चरित्रपट म्हणून तो अपुरा ठरतो. १९८२ मध्ये मरणोत्तर पुलित्झर पुरस्कार लाभला, तो प्लॅथच्या समग्र कवितांना. तिच्या शोकांतिकेला नव्हे. साहित्याच्या अध्यापनात हा चित्रपट दाखवावयाचा असल्यास आधी कविता वाचल्या जाणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थ्यांच्या स्मरणात कवयित्रीचा मृत्यू राहील आणि तिचे शब्द राहणार नाहीत.