ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक आणि संगीतसमीक्षा

१

मराठीतील संगीतविषयक लेखन दीर्घकाळ दोन आधारांवर उभे राहिले. एक शास्त्रग्रंथांचा आणि दुसरा आठवणींचा. अमुक गायकाने अमुक मैफलीत कसा रंग भरला, अमुक नटाच्या पदाला किती 'वन्स मोअर' मिळाले, याच्या कथा आपल्याकडे विपुल आहेत. त्यांचे वाङ्मयीन मूल्य मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. आठवण ही साक्ष असते. तिची उलटतपासणी करण्याचे साधन मात्र तिच्यात नसते. हे साधन ज्यांनी पुरविले ते बहुधा विद्यापीठांतील संशोधक नव्हते. जुन्या बाजारातून, मोडीत निघालेल्या घरांतून आणि बंद पडलेल्या दुकानांतून तबकड्या गोळा करणारे हौशी रसिक होते. त्यांच्या उद्योगाकडे छंद म्हणून कौतुकाने पाहिले जाते. ज्ञानशाखा म्हणून त्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. या रसिकांनी आपसांत देवघेव करून जे ज्ञान सिद्ध केले त्याचे स्वरूप काय, समीक्षेला त्याचा उपयोग कोठपर्यंत होतो आणि कोठे ते अपुरे पडते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशातील अभ्यासकांना या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

२

संग्राहकाचे ज्ञान म्हणजे केवळ गाण्यांची नावे पाठ असणे नव्हे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर कागदी चिठ्ठी असते. तिच्यावर कंपनीचे चिन्ह, गायकाचे नाव, रागाचा किंवा नाटकाचा उल्लेख आणि विक्रीचा अनुक्रमांक छापलेला असतो. याशिवाय चिठ्ठीच्या कडेला लाखेच्या पृष्ठभागावरच कोरलेला दुसरा एक क्रमांक असतो. त्याला संग्राहक 'मॅट्रिक्स' क्रमांक म्हणतात. विक्रीचा क्रमांक दुकानदाराच्या सोयीचा असतो. तेच मुद्रण पुढे वेगळ्या क्रमांकाने, वेगळ्या चिठ्ठीखाली विकले जाऊ शकते, आणि उलट एकाच विक्री-क्रमांकाखाली त्याच पदाचे दुसऱ्या वेळी केलेले मुद्रणही येऊ शकते. मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या विशिष्ट मुद्रणाचा असतो. अनेक तबकड्यांवरील हे क्रमांक क्रमवार मांडले असता मुद्रणाचा काळ, स्थळ आणि कधी कधी एका बैठकीत कोणी कोणामागून गायिले हेदेखील अनुमानाने सांगता येते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही पद्धती अपरिचित वाटू नये. पोथीच्या अखेरीस येणारी पुष्पिका, लेखनिकाचे हस्ताक्षर आणि कागदाची जात यांवरून पाठाचा काळ व परंपरा ठरविणे आणि तबकडीच्या खुणांवरून मुद्रणाची ओळख पटविणे, या दोन व्यापारांचे तर्कशास्त्र एकच आहे. फ्रेड गैसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान हिचे गायन मुद्रित केले. तेथून आरंभ झालेल्या पहिल्या काळातील अनेक तबकड्यांच्या शेवटी गायक आपले नाव स्वतः उच्चारतो. ती मुद्रणे तबकड्या तयार करण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथील कारागिरांना गायकांची ओळख पटावी, हा त्यामागील व्यावहारिक उद्देश सांगितला जातो. परिणाम मात्र असा झाला की संतकवीच्या अभंगातील नाममुद्रेप्रमाणे ही उद्घोषणा कर्तृत्वाचा अंतर्गत पुरावा ठरली. चिठ्ठी फाटली तरी नाव राहिले.

३

असे ज्ञान एकट्याने सिद्ध होत नाही. एका संग्रहात शंभर क्रमांक असले तरी त्यांच्यामधील रिकाम्या जागा दुसऱ्याच्या संग्रहावाचून भरत नाहीत. म्हणूनच १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे महत्त्व संग्रहांपेक्षा संग्राहकांना एकत्र आणण्यात आहे. व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ असलेले डॉ. सुरेश चांदवणकर यांनी सचिव या नात्याने तिचे कार्य चालविले. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकात गायकांची चरित्रे, कंपन्यांचे इतिहास आणि मुद्रणांच्या याद्या प्रसिद्ध होत राहिल्या. एकाने यादी द्यावी, दुसऱ्याने तीत भर घालावी, तिसऱ्याने चूक दाखवावी, असा हा क्रम होता. ऑस्ट्रेलियन सूचिकार मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील हिंदुस्थानी मुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चित्रपटगीतांच्या क्षेत्रात कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराझ' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' दशकवार सिद्ध केला, त्यामागेही रसिकांच्या अशाच सहकार्याचे बळ होते.

या देवघेवीचे मोल कळण्यासाठी एक परदेशी उदाहरण उपयुक्त आहे. १९७० च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तर भागातील कामगारवस्तीच्या शहरांत 'नॉर्दर्न सोल' या नावाने ओळखली जाणारी एक रसिक-चळवळ वाढली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या १९६० नंतरच्या दशकातील ज्या तबकड्या त्यांच्याच देशात विकल्या गेल्या नव्हत्या, त्या शोधून त्यांवर रात्रभर नृत्य करणे हे तिचे वैशिष्ट्य. तेथेही अपरिचित गायकांची माहिती मोठ्या निष्ठेने जमविली गेली. परंतु तबकड्या वाजविणाऱ्यांत चढाओढ असल्यामुळे काही जण चिठ्ठीवर कागद चिकटवून गायकाचे नाव लपवीत आणि श्रोत्यांना खोटे नाव सांगत. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ मधील एक तबकडी विगन येथे एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाने वाजविली जात असे. तिच्या मूळ प्रती मोजक्याच उरल्या होत्या; २००९ मध्ये त्यांपैकी एकीस पंचवीस हजार पौंडांहून अधिक किंमत आली.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ज्ञान खाजगी मालमत्ता झाले की ते तपासता येत नाही आणि जे तपासता येत नाही ते समीक्षेच्या कामाचे नसते. दुसरी अशी की, दुर्मिळता हे बाजाराचे मूल्य आहे, कलेचे नव्हे. प्रती थोड्या उरल्या याचा अर्थ गाणे थोर होते असा होत नाही. ते विकले गेले नाही याचा अर्थ ते हीन होते असाही होत नाही. आपल्याकडील संग्राहकही पहिल्या भ्रमापासून सर्वथा मुक्त नाहीत. सिमला सिगारेटच्या पुरस्काराने झालेल्या स्पर्धांतील हिंदुस्थानी बीट-वाद्यवृंदांच्या १९७० व १९७१ च्या तबकड्या पुढे परदेशी संग्राहकांनी उचलून धरल्या, तेव्हा त्यांच्या गुणांपेक्षा त्यांच्या दुर्लभतेचीच चर्चा अधिक झाली. उलट मुंबईच्या 'यंग इंडिया' या स्वदेशी कंपनीने फारशा नावाजलेल्या नसलेल्या अनेक कलावंतांना स्थान दिले होते. त्या तबकड्यांचा अभ्यास दुर्मिळतेसाठी नव्हे, तर त्या काळातील सामान्य अभिरुची समजण्यासाठी व्हावयास हवा.

४

संग्राहकांच्या ज्ञानाने समीक्षेला प्रत्यक्ष काय दिले, हे दोन-तीन उदाहरणांनी पाहता येईल. पहिले उदाहरण गतीचे. आरंभीच्या काळात सर्व मुद्रणे नेमक्या ७८ फेऱ्यांच्या गतीने होत नसत. ७२ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविली, तर काळी एकमधील षड्ज पांढरी दोनच्याही वर चढतो आणि तानांची लयही तेवढीच वाढते. अशा तबकडीवरून गायकाच्या पट्टीविषयी किंवा चपळाईविषयी दिलेला अभिप्राय हा गायकाविषयी नसून यंत्राविषयी असतो.

दुसरे उदाहरण कालमर्यादेचे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटेच मिळत. रंगभूमीवर बालगंधर्वांचे पद श्रोत्यांच्या आग्रहाने कितीतरी लांबे. तबकडीत त्याच पदाचा आराखडाच तेवढा येतो. तबकडी ऐकून त्यांची गायकी आटोपशीर होती असे म्हणणे आणि आठवणी वाचून ती केवळ लांबण होती असे म्हणणे, ही दोन्ही विधाने एकांगी आहेत. दोन्ही साधने शेजारी ठेवली म्हणजेच गायकाने अल्प अवकाशात काय निवडले व काय टाकले, हा खरा समीक्षेचा प्रश्न उपस्थित होतो.

तिसरे उदाहरण 'गीतरामायणा'चे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते प्रसारित झाली, तेव्हा निरनिराळ्या पात्रांची गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके आदी निरनिराळ्या गायकांनी गायिली होती. पुढे ध्वनिमुद्रिकांच्या संचात सर्व गीते सुधीर फडके यांनी एकट्याने गायिली आणि घरोघरी तोच संच पोहोचला. परिणामी नभोवाणीवरील बहुस्वरी नाट्यरूप मागे पडून एकाच कथनकाराचा आवाज हे या कृतीचे जणू मूळ रूप ठरले. पात्रभेदाने गायिलेली सीता आणि कथेकऱ्याच्या मुखातून येणारी सीता यांत भावाचे अंतर आहे. कोणती आवृत्ती समोर आहे हे न सांगता केलेली गीतरामायणाची समीक्षा, पाठभेद न पाहता केलेल्या ज्ञानेश्वरीच्या अर्थनिर्णयासारखीच संशयास्पद राहते.

५

येथवर संग्राहकाची बाजू भक्कम आहे. तिची मर्यादा झाडीपट्टीत दिसते.

तबकडी ज्या लाखेपासून बने ती अरण्याची देणगी. पळस, कुसुम आणि बोर या झाडांवरील कीटकांपासून लाख मिळते. छोटा नागपूर व छत्तीसगडाप्रमाणे पूर्व विदर्भातील जंगलांतही तिचे उत्पादन होते. अरण्यातील द्रव्यावर मुंबई-कलकत्त्याचा स्वर कोरला गेला. अरण्यातील स्वराला मात्र त्यावर फारच थोडी जागा मिळाली. कंपनी ग्राहक पाहून मुद्रण करी, आणि ज्याच्या घरी यंत्र नाही तो ग्राहक नव्हे. त्यामुळे मुद्रिकांच्या सूचीतील मौनाचा अर्थ 'येथे संगीत नव्हते' असा लावणे ही मोठीच चूक ठरेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा जुनी आहे. दिवाळीनंतरच्या मंडईपासून फाल्गुनापर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्या नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या झाडीबोलीच्या अभ्यासकांनी मात्र तिचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. या नाटकांत गाणे हा अलंकार नसून प्रयोगाचा कणाच आहे. तरी तेच पद एका गावी एका प्रकारे आणि दुसऱ्या गावी श्रोत्यांचा कल पाहून दुसऱ्या प्रकारे गायिले जाते. येथे मूळ प्रत नाही. म्हणून मॅट्रिक्स क्रमांकही नाही.

परंतु ज्ञानी रसिक येथेही आहेत. कोणत्या मंडळीत पेटीवर कोण होता, कोणते पद कोणत्या नाटकातून उचलून दुसऱ्यात घातले, कोणत्या नटाने चाल बदलली, हे सांगणारे श्रोते गावोगाव आढळतात. संग्राहकाच्या ज्ञानाशी या ज्ञानाचे नाते सख्ख्या भावंडाचे आहे. फरक एवढाच की पहिल्याला वस्तूचा आधार आहे, दुसऱ्याला केवळ स्मृतीचा. शब्द उतरवून घेतल्यानेही हा फरक मिटत नाही. व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी १९३५ मध्ये 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' या ग्रंथात गोंडी काव्य इंग्रजीत आणले, तेव्हा काव्य वाचकांपर्यंत गेले. चाल जंगलातच राहिली.

तेव्हा या प्रदेशातील अभ्यासकाने संग्राहकाकडून तबकडी नव्हे, तिच्यावरची शिस्त घ्यावयाची आहे. प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आज सुलभ झाले आहे. परंतु तिथी, गाव, मंडळी, नाटक, गायक, वादक आणि पदांचा क्रम यांच्या नोंदीवाचून ते पुष्पिका हरवलेल्या पोथीसारखे होय. नाटकांची छापील जाहिरातपत्रके मंडळी, नाटक, लेखक आणि कलावंत यांची नावे देतात. ती एका हंगामात भिंतीवरून नाहीशी होतात. त्यांचा क्रमवार संग्रह झाला तर कंपन्यांच्या सूचीपत्रकांचेच काम ती करतील. जाणत्या श्रोत्यांचे कथन नोंदवावे. त्याच पदाविषयी दुसऱ्या गावचा श्रोता काय सांगतो तेही शेजारी ठेवावे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात हे कार्य सहज होण्यासारखे आहे, कारण विद्यार्थीच त्या श्रोत्यांच्या घरचे आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. असे मुद्रण झाले की तेच मूळ, आणि इतर प्रयोग त्याचे अपभ्रंश, अशी कल्पना रुजण्याचा धोका असतो. गीतरामायणाच्या बाबतीत जे आपोआप घडले ते येथे अभ्यासकांच्या हातून घडू नये. एका रात्रीचे मुद्रण ही एका रात्रीची साक्ष होय. संग्राहकांनी आठवणीला तपासण्याचे साधन दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्या साधनात जे सापडत नाही ते अस्तित्वातच नव्हते, एवढा एक निष्कर्ष मात्र त्यांच्याकडून उसना घेता कामा नये.